एकतीस पानं, एक तटस्थ

बुधवार, ३ मार्च २००४

काल सकाळी साडेनऊला मी लीलाताईंकडे ओळखपत्र मागितलं.

लागत नाही. माझ्या खिडकीवर संस्थांचं रजिस्टर आहे – फेराइन्सरेगिस्टर. कोणीही यावं, कारण न सांगता कुठल्याही मंडळाची फाईल मागावी, समोरच्या टेबलाशी बसून वाचावी आणि जावं. वरच्या मजल्यावर जमिनीचं दफ्तर आहे, तिथे तुमचा संबंध काय ते दाखवावं लागतं. इथे नाही. एकवीस वर्षं इथे जर्मनीत, या कोर्टात कारकुनी करतोय. मला हे माहीत नाही असं कसं म्हणू?

तरी मागितलं. जर्मनमध्ये. "आउसवाइस, बिटं."

त्या "अहो आत्माराम –" एवढंच म्हणाल्या होत्या. पुढचं तोंडातच राहिलं. पर्समधून पासपोर्ट काढून पुढे ठेवला. मी पान उलटलं, फोटो बघितला, मग बाईंकडे बघितलं – जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. आमची मुलगी उर्जा झाली तेव्हा माझ्या बायकोला, शुभाला, महिनाभर डिंकाचे लाडू या बाईंनी करून घातले होते. थंडीत ट्रामने यायच्या, डबा कोटाच्या आत धरून.

एवढ्यावर थांबलो नाही. एक फॉर्मही भरून घेतला. नक्कल हवी असली तर भरायचा असतो तो, वाचायला लागत नाही. "यात कारण काय लिहू?" त्यांनी मराठीत विचारलं. "तुम्हाला वाटेल ते," मी जर्मनमध्ये. त्यांनी लिहिलं – मला कसं काढलं ते बघायचं आहे.

वीस मिनिटं वाचत होत्या. शेवटच्या पानाशी फार वेळ थांबल्या. फाईल परत देताना म्हणाल्या, "शनिवारचा उपास अजून करता ना?" मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही सांगता यायचं नाही. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. पहिल्याच काडीला लागला. म्हणजे काही वावगं केलेलं नसणार, असं धरून चालतो.

गुरुवार, ४ मार्च

इथल्या मराठी मंडळाच्या लोकांना वाटतं, कोर्टात आपला माणूस आहे म्हणजे कोर्टच आपलं. कोण कधी फोन करील नेम नाही. "अहो, मुलीला स्थळ आलंय. त्यांचं घर त्यांच्याच नावावर आहे का, तेवढं वरच्या मजल्यावर बघून सांगा ना!" "शेजारचे घटस्फोट घेतायत म्हणे, खरं का हो?" मी म्हणतो, अर्ज करा. "अर्जच करायचा तर मग तुम्ही कशाला!"

खरं आहे. मी कशालाच नाही.

आणि ही शिकलेली माणसं! इंजिनिअर, डॉक्टर, एक तर चक्क प्राध्यापक. आमच्या गावात सातवीपर्यंत एकच गुरुजी होते, शाळा देवळाच्या ओवरीत. पण दुसऱ्याचं पत्र फोडू नये, एवढं त्या गुरुजींनी शिकवलं होतं. यांना ते कुणी शिकवलं नाही. पगार मात्र माझ्या तिप्पट.

सगळ्यांत वरचढ शशिधर. मंडळाचा अध्यक्ष. ड्युसेलडॉर्फला मोठ्या कंपनीत आहे, दर वाक्यात दोनदा 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणतो. लीलाताई उपाध्यक्ष – जानेवारीपर्यंत होत्या. मंडळाच्या कुठल्याही करारावर दोघांच्या सह्या लागायच्या. शशिधरला शनिवारची मराठी शाळा बंद करायची होती. चर्चच्या सभागृहामागची एक खोली मंडळाने भाड्याने घेतली आहे, तिथे लीलाताई सतरा वर्षं मुलांना लिहा-वाचायला शिकवतायत. शशिधरला त्या जागेऐवजी नाचगाण्यांच्या कार्यक्रमांना मोठा हॉल हवा. लीलाताई सही करीनात. म्हणून त्यांनाच काढलं. रीतसर. एकमताने. आता त्यांच्या जागी मिलन आहे. शशिधरच्याच ऑफिसातला, सांगितलं तिथे सही करणारा.

खोली ३१ मेला जाणार.

शनिवार, ६ मार्च

उपास. लीलाताईंनी त्याचं का विचारलं, ते आज कळलं. कळलं म्हणजे – कळलं होतंच. आज लिहितो एवढंच.

कार्यकारिणी बदलली की कोर्टाला सभेचं इतिवृत्त लागतं. शशिधरने ते जोडलं आहे – सुरेख जर्मन, टाईप केलेलं. सभा झाली १७ जानेवारीला. हजर बत्तीस. बाजूने एकतीस. विरोधात शून्य. तटस्थ एक. मागे हजेरीपट, हाताने लिहिलेला, मराठीत.

१७ जानेवारीला सभा झालीच नाही. त्या दिवशी संक्रांतीचा कार्यक्रम होता. तिळगूळ झाला, लहान मुलांचं बोरन्हाण झालं, मग जेवणं. सकाळी शशिधरच्या बायकोने, नंदिनीने, पानांचा अंदाज यावा म्हणून एक कागद फिरवला होता. तीन रकाने – नाव, माणसं किती, शेरा.

तोच कागद! वरचं 'जेवण' कापून टाकलंय आणि तिथे जर्मनमध्ये 'हजेरीपट' लिहिलंय. खाली सगळं जसंच्या तसं. मल्हार – २ – डबा बरोबर नेणार. मिलन – ४ – बाळाला वरणभात, तिखट नको. हरीश – ३ – कांदा-लसूण नको. आणि लीला ओगले – १ – वाढायला थांबेन.

बेरीज एकतीस. एकतीस पानं म्हणजे एकतीस मतं! मिलनच्या आठ महिन्यांच्या बाळाने लीलाताईंविरुद्ध मत दिलंय. लीलाताईंनीही दिलंय. आमटी वाढता वाढता त्यांनी स्वतःला एकमताने काढून टाकलं.

शेवटून दुसरी ओळ माझी. आत्माराम मांडवकर. आकड्याच्या रकान्यात १, ते शुभाचं पान. शेरा – 'मला उपास'. माझं अक्षर. तो बत्तिसावा मी. माझं पान नाही, म्हणून मत नाही. म्हणून – तटस्थ.

आमच्या साहेब फ्राउ डोरिंग. या नोंदींवर सही त्यांची असते. त्यांना देवनागरीतलं एक अक्षर येत नाही. ओळी दिसल्या, इंग्रजी आकडे दिसले, बेरीज जुळली. जर्मन माणसाला बेरीज जुळली की झोप लागते. त्यांनी सही केली.

फाईल त्यांच्यापुढे ठेवली कोणी? मी. फेब्रुवारीत. सगळं वाचून. म्हटलं, यांच्या चिखलात आपण कशाला पाय घाला.

सोमवार, ८ मार्च

या इमारतीत दीडशे माणसं काम करतात. त्यांतला एकच तो कागद वाचू शकतो. देवाला दुसरं कोणी मिळालं नाही.

मंगळवार, २३ मार्च

लीलाताईंचं पत्र आलं. टपाल मीच फोडतो. मग शिक्का, तारीख, फाईलला लावणं. दोन पानं, शाळेतल्यासारखं गोल अक्षर. सभा झाली नाही. जोडलेला कागद जेवणाची यादी आहे. नोंद रद्द करावी. पत्रात माझं नाव कुठेही नाही. 'कोर्टात हे वाचू शकणारा माणूस आहे' असं त्या लिहू शकल्या असत्या. लिहिलं नाही.

मला वाटलं होतं, लिहितील. लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मग रागावता आलं असतं.

फ्राउ डोरिंगनी दुपारी बोलावलं. फाईल उघडी होती. "हेर मांडवकर, हे तुमच्याकडचंच ना? हिंदी?"

"मराठी."

"हो, हो, तेच. काय लिहिलंय?" त्यांनी बोट ठेवलं. योगायोग बघा – बोटाखाली माझंच नाव. आपल्या संस्थेची फाईल आपण हाताळायची नाही, असा इथला नियम आहे. मी या मंडळाचा सभासद आहे हे मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "नावं आहेत. नावं आणि शेरे."

"शेरे कशाबद्दल?"

"ज्याचे त्याचे."

हसल्या. म्हणाल्या, "असोसिएशन चालवणारे सगळीकडे सारखेच. कुत्रे पाळणाऱ्यांचं मंडळ असो की तुमचं." मीही हसलो.

एक शब्द खोटा बोललो नाही. नावं होती, शेरे होते. गावी आमचे एक तलाठी होते, तेही कधी खोटं बोलत नसत. फक्त विचारलं तेवढंच सांगत. लोक त्यांच्या दारावरून जाताना थुंकत.

रविवार, २८ मार्च

काल मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. जायचं नव्हतं. शुभा म्हणाली, "चला हो कोर्टसाहेब, नाही गेलात तर लोक म्हणतील घाबरले." कशाला घाबरतोय, ते तिला माहीत नाही. तरी वाक्य नेमकं टाकते.

लीलाताई नव्हत्या. त्यांच्याबद्दल कोणी काही बोललं नाही. चाळीस माणसं आणि एकाच्याही तोंडून नाव नाही! न बोलण्यालासुद्धा सराव लागतो. श्रीखंडाबद्दल मात्र सगळे भरभरून बोलले.

नंदिनीवहिनींनी मला वेगळी ताटली दिली. "भाऊजी, तुमच्यासाठी वऱ्याचे तांदूळ. शनिवार ना!" मनाने चांगली बाई आहे. यादी तिची, गुन्हा नवऱ्याचा. तिला तर माहीतही नसेल.

मग शशिधर आला, खांद्यावर हात. "काय आत्मारामभाऊ! आमचे कोर्टातले वकील!"

"कारकून," मी म्हटलं.

"तेच ते. म्हाताऱ्या बाईंनी पत्र दिलंय म्हणे."

"फाईल उघडी असते. येऊन वाचा."

"वाचायचंय कशाला, तुम्ही आहात की! गेनाऊ, तुमची मी अगदी योग्य सोय केली आहे बघा. एन्टहाल्टुंग! जर्मनमध्ये पोटाचा संयम काय आणि मताचा काय, शब्द एकच. तुम्ही जेवला नाहीत, तुम्ही मत दिलं नाहीत. उपास तो उपास, पुण्य ते पुण्य!" आणि हसला. मल्हार, हरीश सगळे हसले. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

मग जरा आवाज उतरवून, "खरं सांगू का भाऊ, सात मुलं येतात तिथे. सात! आणि घरी जर्मनच बोलतात. बाईंचा हट्ट आहे नुसता. सभा घेतली असती तरी हेच झालं असतं. मग दोन तास भांडत कोण बसणार? आपल्यात काय कागद लागतो? हा जर्मन लोकांचा सोस."

आपल्यात! मखरातला गणपती विसर्जनाला नेताना दहा वेळा 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतील. माणसाला काढताना एकदा विचारायला जीभ रेटत नाही.

सगळ्यांत वाईट हे, की मी वऱ्याचे तांदूळ संपवले. दोनदा घेतले.

मंगळवार, ३० मार्च

खिडकीवर सतरा माणसं. एकाकडेही ओळखपत्र मागितलं नाही.

सोमवार, १२ एप्रिल

ईस्टरची सुट्टी. उर्जा आखनहून आली आहे – तिथे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. काल लीलाताईंकडे जाऊन आली. जेवताना सांगत होती, मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये सांगायचं. बाईंनी शाळेची पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली आहेत म्हणे. उर्जाने खोक्यांवर मराठीत नावं घातली – पहिली, दुसरी, गोष्टी, गाणी. "आबर वारुम, बाबा?" विचारते. पण का? तुम्ही तर कोर्टात आहात.

आईने विचारलं असतं तर उठून गेलो असतो. मुलीपुढून कसं उठणार?

मी म्हटलं, "कोर्टात प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं."

तिने पाणी ओतलं. म्हणाली, "बाबा, पाणी." बाकी सगळं जर्मनमध्ये, हा एक शब्द मराठीत. 'ण' अगदी खणखणीत. पुण्यातल्यासारखा. लीलाताईंचा.

उर्जा सहा वर्षांची असताना त्या शाळेत जायला लागली. तिसऱ्या शनिवारी घरी आली आणि मला म्हणाली, "बाबा, पानी नाही. पा-णी. लीलाबाई म्हणतात पानी चुकीचं आहे." आमच्या गावात, संगमेश्वराच्या पुढे, सगळे पानीच म्हणतात. माझी आई पानीच म्हणत वारली.

पुढच्या वर्षी मी लीलाताईंना म्हटलं, शाळेत मी पण येतो मदतीला, गोष्टी सांगीन. त्या फार गोड बोलल्या. "अवश्य या! खुर्च्या मांडायला, मुलांना नेण्या-आणण्याला माणूस हवाच आहे. गोष्टींचं आपण बघू. मुलांच्या कानावर आधी प्रमाण उच्चार बसू देत, नाही का?"

दोन वर्षं खुर्च्या मांडल्या. मग थांबलो. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल.

हे सगळं आज का लिहितोय? माझं मलाच ठाऊक आहे. लिहीत नाही.

गुरुवार, २२ एप्रिल

शशिधरचं उत्तर आलं. वकिलाकडून. सभा झाली, सगळे साक्षीला तयार आहेत – मल्हार, हरीश, मिलन. तिघांच्या सह्या. मिलनने स्वतःच्या बाळाचं मतसुद्धा सहीने पक्कं केलं! अर्जदार बाई वयोवृद्ध असून पद गेल्याने दुखावल्या आहेत. 'दुखावल्या' या शब्दाला वकिलाने खाली रेघ मारली आहे.

फ्राउ डोरिंग म्हणाल्या, "इकडे चार सह्या, तिकडे एक बाई. बाईंना सांगा, १४ मेपर्यंत काही ठोस आणा. नाहीतर नोंद राहील, पुढे दिवाणीत जा." कोर्टाच्या भाषांतरकाराकडून कागद करून घ्यायचा का, मी विचारलं. "करू शकतो. तो शब्दांचं भाषांतर करील. बाईंनी पत्रात दिलाय तोच त्यांचा शेरा: वाढायला थांबेन. ठीक. सभेतसुद्धा कोणी जेवण वाढतं. शब्दांवरून सभा झाली की नाही ते कसं कळणार?"

बरोबर आहे. चौदा मेचं पत्र मी टाईप केलं. लीलाताईंचा पत्ता मला पाठ आहे. तरी फाईलमधून बघून घातला.

शनिवार, १ मे

उपास. साबुदाणा भिजत घातला होता, तसाच राहिला. काही खाल्लं नाही.

बुधवार, ५ मे

सांगितलं.

काहीच ठरवलं नव्हतं. फ्राउ डोरिंगच्या खोलीत दुसऱ्याच फायली घेऊन गेलो आणि उभाच राहिलो. "अजून काही, हेर मांडवकर?" मग सगळं सांगितलं. मी सभासद आहे, उर्जा लीलाताईंकडेच शिकली. ती जेवणाची यादी आहे. बत्तिसावा मी. माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते त्यांच्या बोटाखाली होतं आणि मी ते सांगितलं नाही.

त्यांनी चष्मा काढला. पेन उचललं. जर्मन माणूस ओरडला तर बरा, पेन उचललं की कागद तयार होतो.

"फेब्रुवारीत तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला आजचं हे किती उपयोगाचं आहे? तुमची मुलगी त्या बाईंची विद्यार्थिनी. तुम्ही आज मे महिन्यात म्हणताय. त्यांचा वकील काय म्हणेल? बाईंनी आपल्या माणसाला गाठलं. तुम्ही दीड महिन्यापूर्वी याच खोलीत मला 'नावं आणि शेरे' म्हणालात. मी साक्षीत तेच सांगीन, हेर मांडवकर. मला सांगावं लागेल."

"हो."

"तुमच्याबद्दलचं वर कळवावं लागेल, ते वेगळं."

"हो."

"तेव्हाच्या तारखेचं काही आहे? त्या वेळी लिहिलेलं? पत्र, ई-मेल, काहीही. आजचं नको."

मी म्हटलं, बघतो.

बघायचं काय त्यात! आहे. मला ते त्यांच्या खोलीत उभ्याउभ्या दिसत होतं. याच वहीत. २० फेब्रुवारी, शुक्रवार. त्या दिवशी फाईल आली आणि रात्री जेवण झाल्यावर मी चार ओळी लिहिल्या. जेवणाची यादी आहे, हे स्वच्छ लिहिलंय. आधीच्या आणि नंतरच्या पानांवर तारखा आहेत. याहून ठोस काय असतं?

पण चार ओळींतल्या दोनच लीलाताईंच्या कामाच्या आहेत.

शुक्रवार, ७ मे

ते पान दोनदा उघडलं. दोनदा मिटलं.

खालच्या दोन ओळी झाकून फोटोकॉपी काढता येते. आमच्याकडे यंत्र आहे, पांढरी पट्टी आहे. रोज करतो – लोकांचे जन्मदिनांक, खात्यांचे आकडे झाकतो. पण झाकलेलं पान दिसलं की पहिला प्रश्न काय येतो, ते मी एकवीस वर्षं बघतोय. यात खाली काय होतं?

शनिवार, ८ मे

शुभाला सगळं सांगितलं, पाणी आणि खुर्च्यांचंसुद्धा. पान वाचायला दिलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात वही पहिल्यांदा तिच्या हातात.

वाचून झाल्यावर ती भांडी विसळायला लागली. पाठमोरी. मला वाटलं रडते आहे. वळली तर चेहरा कोरडा.

"मला वाटायचं तुम्ही देवमाणूस आहात," म्हणाली. "बरं झालं, नाही निघालात. चोवीस तास देवमाणसाबरोबर राहायचं म्हणजे कटकटच असते हो."

"द्यावं का?"

"मला काय विचारता? मी काय कोर्ट आहे?"

"लीलाताई वाचतील."

"वाचतीलच. त्यांनी सतरा वर्षं वाचायलाच शिकवलंय लोकांना." मग हात पुसत, "इतके दिवस मला वाटत होतं, लीलाताईंच्या डब्याला तुम्ही पोट बिघडलंय म्हणून नाही म्हणता. तुम्हाला त्यांचा राग होता होय? एवढा? एका णसाठी?"

एका णसाठी! तिने म्हटल्यावर केवढंसं झालं ते. चौदा वर्षं मी त्याला स्वाभिमान म्हणत होतो. मंडळातल्या प्रत्येकाकडे त्याच्याच भिंगातून बघत होतो – हे शहरी, हे बोलघेवडे, हे ढोंगी. ते ढोंगी आहेतच! त्यात एक शब्द मागे घेत नाही. पण शशिधरने निदान हॉलसाठी केलं. मी कशासाठी केलं?

मारुतीपुढे बसलो. काही मागितलं नाही. मागायला तोंड लागतं.

सोमवार, १० मे

पान फाडलं, मागच्या-पुढच्या तारखा दाखवायला वहीही नेली. आठ वाजता फ्राउ डोरिंगच्या हातात दिलं, शेजारी माझं भाषांतर, एकही शब्द न वगळता:

'मंडळाचे कागद आले. हजेरी म्हणून संक्रांतीची जेवणाची यादी जोडली आहे, माझ्या उपासासकट! साहेबबाईला काय कळतंय, सही करील. मी एक शब्द बोलणार नाही – बरी जिरली लीलाबाईची, जाऊ दे तिची शाळा, किती दिवसांनी आज मन शांत आहे.'

फाईलला मीच लावलं, पान सत्तेचाळीस. मग लीलाताईंना फोन केला. म्हटलं, तुमच्या फायलीत एक पान वाढलंय. या आणि वाचा.